पुस्तिकेबाहेरची विद्या

घरात नवे यंत्र आले म्हणजे त्याच्या खोक्यातून एक पुस्तिकाही निघते. ती वाचावयाची आपल्याकडे पद्धत नाही. शेजारच्या वहिनींकडे तसलेच मिक्सर असते. त्या पदराला हात पुसत येतात आणि पाच मिनिटांत सगळे सांगून जातात. शिवाय पुस्तिकेत नसलेले आणखी काही सांगतात. चटणी वाटताना झाकणावर हात दाबून धरा, नाहीतर भिंत हिरवी होते, हे कोणती कंपनी छापणार? मग पुस्तिका हमीपत्राबरोबर कपाटाच्या खणात जाते आणि घर सोडतानाच पुन्हा सापडते.

जगातील पुष्कळ यंत्रे अशीच चालतात. निम्मी विद्या कागदावर, निम्मी शेजारी. ह्या दुसऱ्या निम्म्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकविले. त्यामुळे ज्या एका क्षेत्रात ही शेजारची विद्या पन्नास वर्षे साचत गेली आणि आता एकाएकी कागदावर उतरू लागली आहे, त्याची हकीकत सांगावी असे वाटते. हे क्षेत्र म्हणजे सर्किट आखण्याच्या आज्ञावल्यांचे.

सर्किट म्हणजे विजेने चालावयाची वाट. कोठे अडथळा ठेवावयाचा, कोठे साठवण, कोठे झडप, हे ठरविणे म्हणजे सर्किट आखणे. पूर्वी हे काम फळीवर होत असे. सुटे भाग आणावे, तारांनी जोडावे, वीज सोडावी आणि धूर निघतो का ते पाहावे! पण १९६० नंतर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर अनेक भाग एकत्र कोरण्याची कला आली आणि फळी निरुपयोगी ठरली. तुकड्यावरचे भाग फळीवरच्या सुट्या भागांसारखे वागत नाहीत. आणि एकदा कोरल्यावर एकही भाग उपटून बदलता येत नाही. तो शिलालेखच. तेव्हा कोरण्यापूर्वी चाचणी घ्यावयाची तर ती गणितानेच, म्हणजे संगणकात लुटुपुटीचे सर्किट रचून.

हे लुटुपुटीचे सर्किट ज्या आज्ञावलीने साऱ्या जगाला दिले, तिचा जन्म एका वर्गात झाला. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९६९-७० च्या सुमारास रॉन रोहरर ह्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना सांगितले की, अभ्यासक्रम असा काही नाही. सर्वांनी मिळून सर्किटाचे गणित करणारी आज्ञावली लिहावयाची. परीक्षाही एकच. विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन ह्यांना ती पसंत पडली की वर्ग पास. त्या वर्गात लॅरी नेगल नावाचा विद्यार्थी होता. आज्ञावलीचे पहिले नाव मोठे विचित्र होते: ‘कॅन्सर’. ते इंग्रजी आद्याक्षरांचे बनले होते आणि त्यात एक टोमणाही होता. त्या काळी अशा आज्ञावल्यांना पैसा मिळे तो बहुधा संरक्षण खात्याकडून. अणुस्फोटाच्या किरणोत्सर्गात सर्किट टिकेल काय, हे खात्याला हवे असे. ‘किरणोत्सर्ग वगळून’ हे शब्द ह्या तरुणांनी नावातच गुंफून टाकले! पुढे ह्या कर्करोगाचा मसाला झाला. नेगलने सुधारलेल्या आज्ञावलीला ‘स्पाइस’ हे नाव मिळाले आणि एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत पेडरसन ह्यांनी ती विद्वानांपुढे ठेवली.

पेडरसन ह्यांचा बाणा असा की, ही आज्ञावली कोणीही न्यावी. फीत पाठविण्याचा किरकोळ खर्च द्यावा. दुरुस्ती केली तर तेवढी बर्कलीला परत कळवावी. विद्यार्थी पदवी घेऊन कारखान्यांत गेले, तेव्हा बरोबर स्पाइसही घेऊन गेले. सून माहेरचे लोणचे घेऊन जाते तसे. पाहता पाहता ते घरोघरी मुरले. पेडरसन ह्यांना १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स-विद्युत क्षेत्रातील सर्वोच्च मानले जाणारे ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले ते ह्याच कामाबद्दल.

आता त्या लोणच्यातील खड्यांविषयी.

स्पाइस जन्मली ती पत्त्यांवर. भोके पाडलेल्या जाड कागदी पत्त्यांचा गठ्ठा यंत्रात घालावयाचा, ही तेव्हाची रीत. बर्कलीचे यंत्र सीडीसी कंपनीचे, ६४०० जातीचे होते. त्याच कंपनीचे ३६०० जातीचे यंत्र १९६४ मध्ये आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. पत्त्यांचा गठ्ठा हातातून निसटला म्हणजे काय होते, हे तेथील मंडळींनाही ठाऊक होते! ह्या पत्त्यांवर इंग्रजी अक्षरे फक्त मोठ्या लिपीतली. शास्त्रात मात्र मोठा एम म्हणजे मेगा, दहा लाख पट. आणि छोटा एम म्हणजे मिली, हजारावा भाग. अक्षर एकच उरल्यावर करावयाचे काय? ठरले असे की, एम म्हणजे मिली. मेगा हवे असेल त्याने ‘मेग’ असे तीन अक्षरी लिहावे. त्या दिवसांत हे अगदी शहाणपणाचेच होते.

पत्ते गेले. पडदे आले, छोटी अक्षरे आली, स्पाइस नव्या भाषेत पुन्हा लिहिली गेली. तो नियम मात्र आजतागायत तसाच आहे. एखाद्याने दहा लाख ओहमचा अडथळा समजून ‘१ एम’ लिहिले, तर आज्ञावली तो ओहमचा हजारावा भाग समजते. चूक थोडीथोडकी नव्हे, एक अब्ज पटीची. आणि आज्ञावली तक्रार करीत नाही! ती निमूटपणे गणित करते आणि सुंदर आलेख काढून देते. असाच दुसरा खडा: फाइलीतील पहिली ओळ नेहमी शीर्षक समजली जाते. तेथे चुकून सर्किटाचा एखादा भाग लिहिला तर तो नाहीसा होतो. पहिला पत्ता गठ्ठ्याच्या नावाचा असे, म्हणून.

पुस्तिकेत हे नाही असे कोणी म्हणू नये. आहे. पण आहे ते एका कोष्टकात, दहा-बारा अक्षरांच्या रांगेत, जेथे डोळा ठरत नाही. आणि खरोखर पुस्तिकेबाहेरचे असे वेगळेच होते. कधी कधी स्पाइसचे गणित जुळतच नाही. उत्तराभोवती घिरट्या घालते आणि ‘जुळले नाही’ एवढाच निरोप देऊन थांबते. त्यावर उपाय म्हणून फिरवावयाच्या किल्ल्या पुस्तिकेत छापलेल्या असत. कोणती आधी फिरवावी, किती, आणि केव्हा किल्ल्यांचा नाद सोडून सर्किटाकडेच संशयाने पाहावे, हे मात्र शेजारच्या टेबलावरचा मुरलेला माणूस सांगे.

मी हे येथे मुद्दाम रेंगाळून सांगतो आहे, कारण माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना असा शेजारी नव्हता. सातारा, धाराशिव, परभणीकडून मराठी माध्यमातून शिकून आलेली मुले. बुद्धी उत्तम, गणित चोख. पुस्तिकेचे इंग्रजीही शब्दकोश घेऊन लावीत. परंतु ज्या घरात काका किंवा मावसभाऊ अभियंता असे, तेथला मुलगा एका रविवारी जे उचलून येई, त्यासाठी ह्यांना सहामाही जाई. एक मुलगी मला म्हणाली होती, “सर, पुस्तक वाचून कळत नाही असं नाही. पुस्तकात जे नाही, ते कोणाला विचारायचं ते कळत नाही.” ह्याहून नेमके निदान मी कोणा पंडिताकडून ऐकलेले नाही.

ही अडचण ओळखणारी माणसे पूर्वीही झाली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ही संगणकाची कारभारव्यवस्था रचली. तिची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तीत प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान असून ठरावीक मथळे होते: नाव, वापरण्याची रीत, वर्णन. येथवर कोणीही करील. पण पुढे एक मथळा होता ‘दोष’. ह्या आज्ञेत काय बिघडते, कोठे फसगत होते, हे करणाऱ्यानेच आपल्या हाताने लिहावयाचे. आणि आणखी एक मथळा होता ‘मालक’. तेथे ज्याने आज्ञा रचली त्याची खूण असे, म्हणजे कोणाच्या दारावर थाप मारावयाची ते कळे. शेजाऱ्याचे नावच पुस्तिकेत छापून टाकणे, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. पुढच्या काळात ‘मालक’ गळून गेला. धंदेवाईक पुस्तिकांतून तर ‘दोष’ही गेला. आपला माल दोषी आहे असे कोणता दुकानदार लिहील?

दुसरे उदाहरण ह्याहून मोठे आहे. सिलिकॉनवर सर्किट कोरण्याचे नियम १९७० नंतर प्रत्येक कारखान्याचे निराळे होते आणि ते घरच्या माणसांनाच ठाऊक असत. दोन रेघांत किती अंतर, कोणता थर कोणावर किती पुढे यावा, असल्या नियमांची बाडेच्या बाडे. ते एखाद्या घराण्याच्या चिजांसारखे जपले जात. कॅलिफोर्नियातच कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे ह्या दोघांनी ह्या बाडांचे सार काढले. कॉनवे ह्यांनी सगळी मापे ‘लॅम्डा’ ह्या एकाच मापाच्या पटींत बसविली. अंगठ्याने वीत मोजावी तसे. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये ‘रुचिरा’त जे केले, तेच हे. ‘अंदाजाने मीठ’ जाऊन वाटी-चमचा आला आणि परदेशी एकटी पडलेली नवी नवरीसुद्धा पुरणपोळी करू लागली! १९७८ च्या हिवाळ्यापूर्वी कॉनवे ह्यांनी बॉस्टनजवळच्या एमआयटीत हा विषय शिकविला. विद्यार्थ्यांनी आखलेली सर्किटे खरोखर कोरून त्यांच्या हाती आली. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या प्राध्यापकांना हा वर्ग कसा चालवावा हे कळावे म्हणून त्यांनी शिक्षकासाठी वेगळी मार्गदर्शिका लिहिली. पुढच्याच वर्षी बारा विद्यापीठांतील शंभरावर माणसांची सर्किटे संगणकांच्या जाळ्यावरून एकत्र करून कोरली गेली. मीड-कॉनवे ह्यांचे १९८० चे पाठ्यपुस्तक त्या पिढीची बाराखडी ठरले.

त्या बाराखडीवर दोन नावे होती, तरी जगाने बराच काळ एकच वाचले. अमेरिकेच्या संशोधकांच्या मानमंडपात मीड ह्यांना २००९ मध्ये स्थान मिळाले. कॉनवे ह्यांना २०२३ उजाडावे लागले. त्यांना १९६८ मध्ये आयबीएम कंपनीने, त्या पुरुषाची स्त्री होऊ पाहत होत्या म्हणून, कामावरून काढले होते. त्याबद्दल कंपनीने माफी मागितली ती २०२० मध्ये. २०२४ मध्ये त्या वारल्या.

बर्कलीला परत जावे लागते ते जॉन ऑस्टरहाउट ह्यांच्यासाठी. त्यांचे विद्यार्थी सर्किट आखण्याची हत्यारे एकामागून एक बनवीत, आणि प्रत्येक हत्याराला आज्ञा देण्याची बोली निराळी, बहुधा ओबडधोबड. ह्याला कंटाळून ऑस्टरहाउट ह्यांनी १९८८ मध्ये सर्वांना एकच छोटी भाषा केली. तिला ‘टिकल’ म्हणतात. गुदगुल्या! पुढे सर्किटाच्या धंद्यातील बहुतेक मोठ्या आज्ञावल्यांनी हीच बोली पत्करली. त्यामुळे इतर क्षेत्रे माउस आणि चित्रांच्या आहारी गेली, तेव्हा ह्या क्षेत्रात लिहून आज्ञा देण्याची वाट बुजली नाही. तिचे महत्त्व कळावयास मात्र तीस-पस्तीस वर्षे लागली.

कारण मधल्या काळात वाचक बदलला. नोव्हेंबर २०२२ नंतर बोलणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला झाला हे वाचकांना सांगावयास नको. तिच्याकडून दिवाळीचे शुभेच्छापत्र लिहवून घेतले नाही असे घर विरळा. तिचाच पुढचा अवतार ‘एजंट’. हा विम्याचा एजंट नव्हे. ह्याला काम सांगावे. मग तो स्वतः आज्ञावली चालवितो, आलेले उत्तर वाचतो, चुकले तर बदलतो, पुन्हा चालवितो. मुनीमजीच म्हणा. २०२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी अशा बुद्धीशी नुसते बोलत बोलत आठ बिटांच्या एका लहान प्रोसेसरचे वर्णन लिहवून घेतले आणि ते कोरावयास पाठविले. अर्थात बोलणारा जाणकार होता. कोठे टोकावयाचे हे त्याला ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने एक करारपत्र प्रसिद्ध केले. त्याअन्वये कोणत्याही हत्याराने एजंटापुढे आपली ओळख करून द्यावयाची: माझे नाव अमुक, मी हे काम करतो, मला अमुक प्रकारची माहिती द्या. त्या चार ओळी वाचून एजंट हत्यार उचलतो किंवा ठेवतो.

आणि येथेच सगळ्यांना कळले की, आपल्या पुस्तिका किती अपुऱ्या आहेत! हा वाचक चिकाटीचा आहे, हजार पाने क्षणात चाळतो. पण त्याला शेजार नाही. शेजारच्या टेबलावर मान वळवून ‘अहो, हे असे का होते?’ असे तो विचारू शकत नाही. ‘डावीकडचे तिसरे चित्र दाबा’ हे त्याच्या फारसे कामाचे नाही. त्याला लिहिलेली आज्ञा हवी. अंतर मायक्रोमीटरमध्ये की मिलिमीटरमध्ये, हे त्या ओळीतच लिहिलेले हवे. कोणते पाऊल मागे घेता येत नाही, बिघडले तर निरोप काय येतो आणि त्यावर पहिला उपाय कोणता, हेही हवे. नाहीतर तो काय करतो? आत्मविश्वासाने अंदाज करतो. आलेख तर सुंदरच येतो! आणि शिलालेखातील चूक किती महाग पडते, हे इंटेल कंपनीने १९९४ मध्ये अनुभवले आहे. पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराच्या एका कोष्टकात काही जागा रिकाम्या राहिल्या होत्या. प्रोसेसर बदलून देण्यापायी कंपनीने ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च दाखविला. तेव्हा एजंट नव्हते. चूक माणसांचीच होती. पण कोरल्यानंतर सिलिकॉन कोणाचीच गय करीत नाही.

म्हणून आता लिहिणे चालू आहे. ज्यांना सवड नव्हती त्यांना सवड झाली. आज्ञेगणिक मापे, चालून पाहिलेली उदाहरणे, आणि पूर्वी गळालेला तो ‘दोष’ हा मथळासुद्धा परत आला आहे. एनव्हिडिया कंपनीने तर २०२३ मध्ये आपल्या घरातली कागदपत्रे आणि दोषांच्या नोंदीच अशा बुद्धीला शिकवून पाहिल्या. ज्यांच्या पुस्तिका कुलुपात आहेत त्यांचे काम अवघड आहे. उलट स्पाइसविषयी ही बुद्धी बरेच जाणते, ते बहुधा पेडरसन ह्यांनी लोणचे वाटले म्हणूनच.

मला ह्यात आनंद आहे. पण थोडे खटकतेही, ते लपवीत नाही. परभणीच्या मुलाने जे मागितले, ते त्याला कधी मिळाले नाही. ते ह्या नव्या वाचकाला दोन-तीन वर्षांत मिळाले. मुलाला ‘अनुभवाने येईल’ असे सांगत होतो आपण! यंत्राला अनुभवाने येईल म्हणून कोणी थांबले नाही. तरी एक गोष्ट खरी की, यंत्रासाठी लिहिलेले पान मुलालाही वाचता येते. त्यात गृहीत काही नसते, शब्दांची ऐट नसते. पवईच्या आयआयटीत ‘ईसिम’ नावाची सर्किट आखण्याची मुक्त आज्ञावली तयार झाली आहे. तिच्या पोटात बर्कलीच्या स्पाइसचीच वंशज बसलेली आहे. त्याच संस्थेतून मराठीसह अनेक भारतीय भाषांत संगणकाचे बोलके पाठही निघाले. त्यांच्या शेजारी ही नवी पाने ठेवली तर काका-मावसभावाची उणीव पुष्कळशी भरून निघेल, असा माझा अदमास आहे.

मी शिकवीत असताना एक वही ठेवीत असे. विद्यार्थी ज्या ज्या खड्याला अडखळले, तो मराठीत टिपून ठेवावयाचा. पहिलीच नोंद: ‘एम म्हणजे मिली. मेगा हवे असल्यास मेग लिहावे.’ प्रत्येक नोंदीखाली, ती ज्याच्या अडखळण्यातून सुचली त्या विद्यार्थ्याचे नाव आणि साल. वर म्हटलेली ती मुलगी आज पुण्यात सर्किटेच आखते. तिला ही वही आठवली. गेल्या उन्हाळ्यात येऊन तिने पानांची छायाचित्रे नेली आणि आपल्या एजंटाच्या पुस्तिकेत नोंदी मराठीतच घातल्या. तो त्या वाचतो. आता त्याच्यापुढे ‘१ एम’ आले की तो थांबून विचारतो, मिली की मेगा?

परवा तिचा निरोप आला. “सर, नोंदींखालची नावं काढून टाकू का? एजंटाला त्यांचा उपयोग नाही, आणि जागा फार जाते.” वहीत एकशे बारा नावे आहेत; सतराव्या नोंदीखाली तिचे स्वतःचे आहे. मी कळविले की, जागा जाऊ दे, नावे राहू दे.